घटक ७ : फरक भाषेचा की योगायोगाचा? – शब्दांच्या चाचणीतील सांख्यिकीय सार्थकता

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रश्नावली कशी तयार करावी, मुलाखत कशी घ्यावी आणि नोंदी कशा ठेवाव्यात हे पाहिले. नोंदी हाती आल्या की एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. दोन गटांच्या प्रतिसादांत फरक दिसतो आहे. पण हा फरक भाषेमुळे पडला, की आपण योगायोगाने ज्या माणसांना गाठले त्यांच्यामुळे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे. मराठीच्या पुस्तिकेत गणित कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. येथे लागणारे गणित बेरीज, वजाबाकी, वर्ग आणि भागाकार यांपलीकडे जात नाही. कठीण आहे तो भाग गणिताचा नसून विवेकाचा आहे, आणि त्यासाठीच या घटकाला अधिक वेळ द्यावा.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय सुरू झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला आणि प्रशासनासाठी मराठी शब्द घडवण्याचे मोठे काम उभे राहिले. त्या काळी नव्या शब्दाची पारख प्रामुख्याने दोन अंगांनी होई : तो अचूक आहे का, आणि तो मराठीच्या प्रकृतीशी जुळतो का. आज मराठी कागदाइतकीच पडद्यावर वाचली जाते. तिकिटाचे यंत्र, बँकेचे एटीएम, नगरपालिकेची करभरणा सेवा, भ्रमणध्वनीवरील अर्ज अशा सर्व ठिकाणी माणसाला शब्द वाचून लगेच बोट टेकवावे लागते. त्यामुळे पारखेचे तिसरे अंग पुढे आले आहे : समोरच्या माणसाचे काम त्या शब्दाने अडले की झाले? व्यवसायात याला ‘युजर एक्सपिरिअन्स रिसर्च’ असे म्हणतात. आपण ‘वापरानुभवाचे संशोधन’ म्हणू. मराठीच्या पदवीधरांना या क्षेत्रात काम मिळू लागले आहे. मात्र ‘मला वाटते’ आणि ‘आढळले’ यांतील अंतर ज्याला कळते, तोच तेथे टिकतो.

भाषाविज्ञानाला ही पद्धत परकी नाही. विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला, की उत्तर ‘चौथा मजला’ असेच यावे. त्या इंग्रजी उत्तरातील ‘र’ उच्चारला जातो की गाळला जातो, एवढेच ते टिपत होते. एकूण २६४ जणांची नोंद झाली. उंची दुकानात ६२ टक्के, मध्यम दुकानात ५१ टक्के आणि स्वस्त दुकानात २० टक्के विक्रेत्यांनी हा ‘र’ पूर्णतः किंवा अंशतः उच्चारला. काम द्यायचे, माणूस नकळत काय करतो ते पाहायचे आणि मोजायचे, हीच वापरानुभवाच्या संशोधनाचीही रीत आहे.

७.२ एक बटण, दोन मजकूर

आता आपल्या परिसरातील एक उदाहरण घेऊ. पुढील प्रसंग कल्पित असून त्यातील आकडे केवळ गणित समजावे म्हणून घेतले आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील रहिवाशांसाठी पाणीपट्टी भरण्याची एक सेवा तयार होत आहे. शेवटच्या पडद्यावरील बटणावर ‘पुष्टी करा’ असे लिहिले आहे. आपल्याला शंका येते, की हा शब्द लोकांना अडवतो. शंका निराधार नाही. मराठीत बातमीला पुष्टी मिळते, मताला पुष्टी दिली जाते. पण रक्कम तपासून ‘होय, हेच बरोबर’ असे सांगण्याला आपण ‘पुष्टी करणे’ म्हणत नाही. हा प्रयोग हिंदीच्या वाटेने पडद्यावर आलेला दिसतो. म्हणून आपण ‘बरोबर आहे, पैसे भरा’ असा पर्यायी मजकूर सुचवतो.

आपली सूचना पटण्याजोगी आहे, पण पटणे हा पुरावा नव्हे. म्हणून चाचणी घेतली. ऐंशी माणसे निवडली. त्यांपैकी चाळीस जणांना जुना मजकूर असलेला पडदा दाखवला, चाळीस जणांना नवा. कोणाला कोणता पडदा द्यायचा हे नाणे उडवून ठरवले आणि एका गटाचे चाळीस पूर्ण होताच उरलेल्यांना दुसरा पडदा दिला. कोणाचीही मदत न घेता एका मिनिटात शेवटचे बटण दाबले तर ‘जमले’, अन्यथा ‘जमले नाही’ अशी नोंद केली. निकाल असा आला :

‘पुष्टी करा’ : जमले २२, जमले नाही १८, एकूण ४०
‘बरोबर आहे, पैसे भरा’ : जमले ३०, जमले नाही १०, एकूण ४०

म्हणजे ५५ टक्के आणि ७५ टक्के. फरक वीस टक्क्यांचा. अहवालात ‘नवा मजकूर निर्विवादपणे सरस ठरला’ असे वाक्य लिहिण्याचा मोह येथे होतो. लेखणी खाली ठेवून आधी पुढील प्रयोग करून पाहावा.

७.३ चिठ्ठ्यांचा डबा

क्षणभर असे समजा, की मजकुराने काहीही फरक पडत नाही. ज्या ५२ जणांना जमले त्यांना कोणताही पडदा दिला असता तरी जमलेच असते, आणि ज्या २८ जणांना जमले नाही त्यांना कशानेही जमले नसते. या गृहीताला शून्य परिकल्पना म्हणतात. ती आपल्याला मान्य असते म्हणून मांडायची नसते. वादासाठी प्रतिपक्षाची भूमिका आधी पूर्ण ताकदीने मांडावी, तशी ती मांडायची असते. आपल्या शास्त्रचर्चेच्या परंपरेत पूर्वपक्ष असतो, त्याच जागी ही परिकल्पना आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता ऐंशी चिठ्ठ्या करा. बावन्न चिठ्ठ्यांवर ‘जमले’ आणि अठ्ठावीस चिठ्ठ्यांवर ‘जमले नाही’ असे लिहा. सर्व चिठ्ठ्या स्वयंपाकघरातील एखाद्या डब्यात घालून चांगल्या हलवा आणि न पाहता चाळीस उचला. या चाळिसांत ‘जमले’ किती आले ते मोजा. मजकुराचा प्रभाव नसेल तर सरासरीने सव्वीस यावेत. प्रत्यक्षात कधी चोवीस येतील, कधी सत्तावीस, कधी एकोणतीस. डब्याला मराठी येत नाही; हा सर्व खेळ निव्वळ योगायोगाचा आहे. प्रयोग शंभर वेळा केला तर त्यांपैकी साधारण दहा वेळा बावीस किंवा त्याहून कमी, अथवा तीस किंवा त्याहून अधिक ‘जमले’ हाती येतात. म्हणजेच आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक डबासुद्धा दहांत एकदा दाखवतो.

‘पी-मूल्य’ म्हणून ज्याचा उल्लेख अहवालांत येतो ते हेच. मजकुराचा काहीही प्रभाव नाही असे धरले, तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. व्याख्येतील ‘तर’ हा शब्द निसटू देऊ नये. पी-मूल्य दहा टक्के आहे याचा अर्थ ‘नवा मजकूर चांगला असण्याची शक्यता नव्वद टक्के’ असा होत नाही. परीक्षेतील उत्तरपत्रिकांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे, आणि ती विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाही.

प्रयोगाची ही कल्पना रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या उदाहरणाने मांडली. चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून ओळखता येते असे म्हणणाऱ्या एका बाईंचे ते उदाहरण आहे. आठ कप तयार करायचे, चारांत दूध आधी आणि चारांत नंतर, आणि त्यांनी ‘दूध आधी’चे चार कप वेगळे काढायचे. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात. चारही बरोबर निवडले, तर नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची संभाव्यता सत्तरांत एक. तीन बरोबर आणि एक चूक एवढ्यावर मात्र काहीच म्हणता येत नाही, कारण निदान तीन तरी बरोबर येण्याची संभाव्यता सत्तरांत सतरा, म्हणजे जवळजवळ चारांत एक आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : चहाच्या प्रयोगात आठांऐवजी सहाच कप घेतले (तीन-तीन), तर सर्व बरोबर ओळखूनही निष्कर्ष दुबळा का राहील? सहांतून तीन निवडण्याचे प्रकार मोजून उत्तर लिहा.

७.४ काय-वर्ग कसोटी

प्रत्येक वेळी चिठ्ठ्या करत बसणे शक्य नसते. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-वर्ग कसोटी हे काम सूत्राने करते. तक्त्यातील चार घरे घ्या. मजकुराचा प्रभाव नसता तर प्रत्येक घरात किती माणसे अपेक्षित होती ते लिहा : ‘जमले’साठी दोन्हीकडे २६, ‘जमले नाही’साठी दोन्हीकडे १४. प्रत्येक घरातील प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागा. येथे प्रत्येक घरातील तफावत चाराची आहे, म्हणून वर्ग १६. सोळा भागिले सव्वीस म्हणजे ०.६२ आणि सोळा भागिले चौदा म्हणजे १.१४. चारही घरांची बेरीज ३.५२.

दोन गट आणि दोन निकाल असलेल्या तक्त्यासाठी पाच टक्के पातळीची सीमा ३.८४ आहे. आपली बेरीज तिच्या आत राहिली. म्हणून वीस टक्क्यांचा हा फरक पाच टक्के पातळीवर सांख्यिकीयदृष्ट्या सार्थक नाही. चोखंदळ विद्यार्थ्याला येथे प्रश्न पडेल, की सूत्राने पी-मूल्य सहा टक्क्यांच्या आसपास येते, मग डब्याने दहा का सांगितले? चिठ्ठ्या पूर्ण संख्येतच मोजल्या जातात, सूत्र मात्र त्या पायऱ्यांवरून गुळगुळीत वक्ररेषा काढते. लहान नमुन्यात दोन्हींत असे अंतर पडते. अशा वेळी डब्यावर अधिक विश्वास ठेवावा.

पाच टक्केच का, याला निसर्गनियमाचा आधार नाही. फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे ती रूढी झाली. पस्तीस गुणांना उत्तीर्ण आणि चौतीस गुणांना अनुत्तीर्ण, अशी रेषा आपण परीक्षेत ओढतो. रेषा आवश्यक असते, पण तिच्या दोन बाजूंच्या विद्यार्थ्यांत ज्ञानाची दरी असते असे कोणी मानत नाही. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने जाहीर निवेदन काढून सांगितले, की केवळ पी-मूल्य ठरावीक रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे यावरून शास्त्रीय निष्कर्ष वा धोरणे ठरवू नयेत.

७.५ ‘सार्थक’ या शब्दाविषयी

भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. ‘जन्माचे सार्थक झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘सार्थक’ या शब्दात कृतार्थता असते, मोल असते. सांख्यिकीतील ‘सार्थक’ मध्ये यातले काहीही नाही. तेथे त्याचा अर्थ इतकाच, की हा फरक योगायोगाच्या खात्यावर टाकणे अवघड आहे. फरक मोठा आहे, महत्त्वाचा आहे, उपयोगाचा आहे, यांपैकी एकही गोष्ट त्यात अभिप्रेत नाही. काही लेखक ‘लक्षणीय’ हा शब्द वापरतात. त्यालाही हाच दोष चिकटतो, कारण लक्षणीय म्हणजे नजरेत भरणारे. परिभाषेसाठी रोजचा शब्द उचलला, की रोजचा अर्थ मागच्या दाराने आत येतो. मला विचाराल तर ‘योगायोगापलीकडचा फरक’ ही लांबलचक शब्दयोजना अधिक प्रामाणिक आहे. परीक्षेत मात्र ‘सार्थक’ हीच रूढ संज्ञा लिहावी.

याचीच दुसरी बाजू : ‘सार्थक नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असे नव्हे. आपल्या चाचणीतून फरक सिद्ध झाला नाही. फरकाचा अभावही सिद्ध झाला नाही. न्यायालयात पुराव्याअभावी सुटलेला आरोपी निरपराधच असतो असे नाही, तसेच हे. मजकुरांत खरोखरच वीस टक्क्यांचा फरक असेल, तरीही प्रत्येकी चाळीस माणसांच्या चाचणीतून तो सार्थक म्हणून दिसण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. पाच वेळांपैकी चार वेळा तो पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे नव्वद माणसे हवीत. नसलेला फरक आहे म्हणणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि असलेला फरक न दिसणे ही दुसऱ्या प्रकारची चूक. माझ्या मते भाषिक पाहण्यांत दुसरी चूक अधिक घडते आणि तिची वाच्यताही कमी होते, कारण ‘काही आढळले नाही’ असा प्रबंध कोणी मिरवत नाही.

७.६ संख्या वाढली की काय होते

हीच चाचणी प्रत्येकी ऐंशी माणसांवर घेतली आणि टक्केवारी नेमकी तीच आली असे समजा : ४४ आणि ६०. आता काय-वर्गाची बेरीज ७.०३ होते. ती ३.८४ ची सीमा तर ओलांडतेच, पण एक टक्का पातळीची ६.६३ ही सीमाही ओलांडते. टक्केवारीत काडीचाही बदल नाही. बदलला तो फक्त पुराव्याचा भार.

म्हणून नुसत्या टक्केवारीबरोबर तिची विश्वास-मर्यादा सांगण्याची सवय लावून घ्यावी. प्रत्येकी चाळीस असताना फरक वीस टक्क्यांचा दिसला, तरी खरा फरक जवळजवळ शून्यापासून चाळिसापर्यंत कोठेही असू शकतो, असे ९५ टक्के पातळीची मर्यादा सांगते. प्रत्येकी ऐंशी असताना हीच मर्यादा साधारण साडेपाच ते साडेचौतीस एवढी आकसते. ‘सार्थक आहे’ किंवा ‘नाही’ या एका शब्दापेक्षा या दोन टोकांतून वाचकाला कितीतरी अधिक कळते.

आता उलट टोक पाहा. एखाद्या सेवेने दहा-दहा हजार वापरकर्त्यांना दोन मजकूर दाखवले. एका गटात ७,००० जणांना जमले आणि दुसऱ्यात ७,१५० जणांना. काय-वर्गाची बेरीज ५.४४, म्हणजे फरक सार्थक. पण फरक किती? दीड टक्क्याचा. दोन्ही गटांत शंभरातील जवळजवळ तीस माणसे अडकूनच राहिली. अशा अहवालाचे शीर्षक ‘नवा मजकूर यशस्वी’ असे द्यावे, की ‘दोन्ही मजकुरांत तीस टक्के लोक मागे’? सांख्यिकी याचे उत्तर देत नाही. ते आपल्याला द्यावे लागते.

७.७ विचारले कोणाला?

आतापर्यंतचे सर्व गणित एका अटीवर उभे आहे : नमुना ज्या समाजाचा म्हणून सांगितला जातो, त्या समाजाचा तो खरोखर असला पाहिजे. येथे आपला परिसर आपल्याला चांगलाच धडा देतो. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर नव्हे, अंबरनाथ येते असे सांगणारा प्रवासी सापडला तर तो नवखा आहे हे आपण ओळखतो, कारण स्थानकांचा क्रम विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा आहे. क्रम पाठ असला तरी ही तीन नगरे भाषेच्या दृष्टीने किती वेगळी आहेत याचे भान मात्र बहुधा नसते.

उल्हासनगर वाढले ते फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून. वस्तीचे विभाग आजही ‘कॅम्प’ म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. तेथे घरात सिंधी, बाजारात हिंदी आणि कार्यालयात मराठी अशी भाषांची वाटणी सहज आढळते. अंबरनाथमध्ये शिलाहारकालीन शिवमंदिराच्या जुन्या वस्तीशेजारी कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि तिच्याबरोबर ठिकठिकाणचे कामगार आले. बदलापुरात उल्हास नदीच्या काठच्या गावांतील मूळ रहिवासी आहेत, तसेच परवडणाऱ्या घराच्या शोधात मुंबईकडून सरकत आलेली मध्यमवर्गीय मराठी कुटुंबेही आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे पाच लाख, अंबरनाथची सुमारे अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती.

आता सांगा, सकाळी आठ वाजता बदलापूरच्या फलाटावर उभे राहून ऐंशी माणसे गाठली तर तो नमुना कोणाचा होईल? नोकरीला निघालेल्या, भ्रमणध्वनी सराईतपणे हाताळणाऱ्या, बहुतांशी मराठी शाळेत शिकलेल्या माणसांचा. त्यांतही ज्यांची गाडी अजून आलेली नाही अशांचा. पाणीपट्टी भरणारी सिंधी दुकानदारीण त्यात नाही, घरी राहणारे सासरे त्यात नाहीत, रात्रपाळी करून झोपलेला कामगार त्यात नाही. ऐंशींऐवजी आठशे घेतले तरी ही माणसे त्यात येणार नाहीत. पी-मूल्य मात्र सुरेख येईल.

संख्या वाढवून हा दोष जात नाही, हे दाखवून देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पां. वा. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुधचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सांख्यिकीचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजाचे काम त्यांनी उभे केले. शेतात यदृच्छेने लहान तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून तोलायचे आणि त्यावरून एकूण उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, अशी ती रीत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत फार लहान तुकडे वापरले जात. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवले, की तुकडा फार लहान असला की उत्पन्न वाढीव दिसते. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने सीमाच अधिक असते. प्रत्येक तुकड्यात थोडीशी चूक, पण सर्व चुका एकाच दिशेच्या. या झुकण्याला अभिनती म्हणतात. योगायोगाच्या चुका संख्या वाढली की एकमेकींना खोडतात. अभिनती खोडली जात नाही. उलट, संख्या वाढली की चुकीचे उत्तर अधिक ठामपणे दिले जाते.

आपल्या चाचणीतही असा हात झुकतो. आजोबांनी पंचावन्नाव्या सेकंदाला विचारले, ‘हे दाबू का?’ आपण मान हलवली. नोंद ‘जमले’ अशी झाली. नवा मजकूर आपला असल्यामुळे त्या पडद्यावर आपली मान जरा लवकर हलली असेल का? शक्य असेल तेथे निकाल नोंदवणाऱ्या व्यक्तीला कोणता पडदा कोणाच्या सूचनेचा आहे हे कळू देऊ नये, ते याचसाठी.

तीन नगरांचे निकाल एकत्र करतानाही सावध असावे. ‘पुष्टी करा’ हे हिंदीच्या सरावाने उल्हासनगरात अधिक लोकांना कळत असेल आणि बदलापुरात कमी, असे होऊ शकते. एकत्रित सरासरीत हे दोन्ही कल परस्परांत मिसळून नाहीसे होतात. म्हणून पडदे नाणे उडवून वाटायचे ते प्रत्येक नगरात स्वतंत्रपणे, आणि निकालही आधी स्वतंत्रपणे पाहायचे.

७.८ दोन सामान्य मोह

पहिला मोह रोज संध्याकाळी बेरीज करून पाहण्याचा. माझ्या पहिल्या क्षेत्रपाहणीत मी हेच केले. एका प्रत्ययाचा वापर स्त्रिया अधिक करतात असा माझा कयास होता. दिवसअखेर आकडे मांडायचे, फरक सार्थक नसेल तर दुसऱ्या दिवशी आणखी दहा माणसे गाठायची. एका संध्याकाळी बेरीज ३.८४ च्या पुढे गेली आणि मी वही मिटली. माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला : ‘किती माणसे घ्यायची हे आधी ठरवले होते का?’ नाणे उडवत राहिलो आणि हवा तो कल दिसताच थांबलो, तर कोणतेही नाणे खोटे ठरवता येते. तो निष्कर्ष प्रबंधातून काढावा लागला. नमुन्याची संख्या आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावी.

दुसरा मोह अनेक शब्द तपासून एकच सांगण्याचा. वीस बटणांचे मजकूर तपासले आणि प्रत्यक्षात एकाचाही प्रभाव नसला, तरी पाच टक्के पातळीवर निदान एक ‘सार्थक’ निघण्याची संभाव्यता ६४ टक्के आहे. तेवढाच एक निकाल अहवालात दिला तर वाचकाची फसवणूक होते, मग आपला हेतू कितीही शुद्ध असो. वीस तपासले असतील तर वीसच्या वीस सांगावेत.

७.९ पाच माणसे आणि एक माणूस

वापरानुभवाच्या क्षेत्रात ‘पाच माणसे पुरतात’ असे वचन प्रचलित आहे. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या अभ्यासावर ते आधारलेले आहे. एखादी अडचण एका वापरकर्त्याला जाणवण्याची संभाव्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे ते गणित. हे वचन खोटे नाही, पण ते अडचणी शोधण्यापुरते आहे. दोन मजकुरांपैकी कोणता सरस, हे पाच माणसांवरून ठरवता येत नाही. या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे कितीतरी अहवाल बिघडतात.

आणि शोधण्याच्या कामात एक माणूससुद्धा पुरतो. समजा, उल्हासनगरातील एका वृद्ध बाईंनी पडदा चाचपून शेवटी एवढेच म्हटले, ‘अक्षर लहान आहे, आणि दाबल्यावर पैसे गेले तर?’ त्यांच्या ‘जमले नाही’ला पी-मूल्य नसते. ऐंशींतील एक म्हणून तक्त्यात त्यांची नोंद होईल आणि बेरजेत तिचा भार एकाइतकाच राहील. परंतु त्यांनी सांगितलेली भीती खरी आहे, तिचे कारण स्पष्ट आहे आणि उपायही सोपा आहे : बटणाच्या वर रक्कम ठळक लिहावी आणि ‘अजून पैसे गेलेले नाहीत’ असे एक वाक्य द्यावे. हे वाक्य काय-वर्गाच्या कोणत्याही घरातून बाहेर आले नसते. म्हणून ‘जमले’ आणि ‘जमले नाही’ यांच्या शेजारी तिसरा रकाना रिकामा ठेवावा आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहावे; सिंधीत बोलला तर सिंधीत, आगरी बोलीत बोलला तर आगरीत.

उपक्रम

१. आपल्या रोजच्या वापरातील कोणत्याही सेवेच्या पडद्यावरील एक मराठी सूचना निवडा आणि तिला पर्यायी मजकूर लिहा. तो मजकूर का सुचवला, याचे भाषिक कारण पाच-सहा वाक्यांत द्या.

२. दोन्ही मजकूर कागदावर पडद्यासारखे काढून किमान तीस व्यक्तींवर चाचणी घ्या. संख्या, जागा आणि वेळ आधी लिहून ठेवा. शक्य असल्यास दोन वेगळ्या वस्त्यांत जा.

३. निकालाचा तक्ता करून काय-वर्गाची बेरीज काढा. त्याच आकड्यांच्या चिठ्ठ्या करून निदान पन्नास वेळा डब्यातून उचला आणि आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा आला ते नोंदवा. दोन्ही उत्तरांत अंतर पडल्यास का पडले ते सांगा.

४. आपल्या नमुन्यात कोण आले नाही, याची यादी करा. त्यांपैकी एका व्यक्तीला घरी जाऊन भेटा, तोच कागद दाखवा आणि तिसऱ्या रकान्यात तिचे शब्द लिहून आणा. संपर्कसत्रात चर्चा या चौथ्या प्रश्नापासून सुरू होईल.